नकार तोंडपाठ

डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत प्रेम जमणं तसं अवघड. समोरच्याला आपण धड दिसत नाही, आणि दिसू लागलो की तो चष्मा घालून निघून जातो. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या तिला हे चांगलंच ठाऊक होतं.

भूगोलाचे एक मास्तर पहिल्यांदा आले, तेव्हा तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय त्रास होतो?"

"चित्रपटात नायिका रडते ते कळत नाही. मागच्या रांगेतून डोळ्यांतलं पाणी दिसत नाही."

"मग पुढे बसायचं."

"बसून पाहिलं. मान आखडते, आणि मग मीच रडतो."

भिंग बदलायला ती वाकली. चार बोटांवर तिचा चेहरा... मास्तर घाबरून तोंडाला आला तो चित्रपटातला संवाद पुटपुटले, "इन्स्पेक्टर, बेड्या हातांना घाला—"

"—मान मोकळी आहे, ती झुकायची नाही," भिंग पुसता पुसता ती म्हणाली.

मास्तर खुर्चीत ताठ झाले. "तुम्हालाही तो मिशीवाला नट आवडतो?"

"मिशी नव्हती तेव्हाचा. मिशी आल्यावर त्यानं सगळा अभिनय तिच्यावरच सोपवला."

त्यानंतर मास्तरांचा चष्मा वरचेवर ढिला होऊ लागला. व्हायचाच, ती दर वेळी स्क्रू अर्धा फेरा कमीच पिळायची. दुकान तिच्या ताईचं. गल्ल्यावरून ताई म्हणायची, "अगं, रोज चष्मा दुरुस्त करण्यापेक्षा माणूसच ठेवून घे ना."

चष्मा दुरुस्त होईपर्यंत खेळ चाले. एकानं संवाद टाकायचा, दुसऱ्यानं पुढचा उचलायचा. अडखळला तो हरला. ती कधी हरली नाही. मास्तरांनी तिला कोर्टातलं ऐकवलं, रणांगणावरचं ऐकवलं, मरताना आईला उद्देशून असलेलंही ऐकवलं. उपयोगाचं एक अक्षर नाही. ती वाट पाहत होती... स्क्रू ढिला ठेवून ठेवून त्याचे आटे झिजायला आले.

मग एका दुपारी मास्तर आले ते चष्मा अगदी धडधाकट असताना. तिच्याकडे सरळ पाहिलं.

"माझं घर लहान आहे... पण तुझ्यावाचून तिथं दिवा लागायचा नाही. येशील?"

आणि तिची जीभ, इतक्या वर्षांच्या सरावानं, धाडकन म्हणाली, "तुमच्या घरी येण्यापेक्षा मी जन्मभर अंधारात बसेन."

मास्तरांचा चेहरा उतरला. "बरोबर," ते म्हणाले. "एक शब्द चुकला नाही." आणि दार ढकलून बाहेर पडले.

"काय हवं होतं त्यांना?" ताईनं विचारलं.

"मी."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

"का गं?"

"पुढचा संवाद तोच आहे, ताई—" म्हणता म्हणता ती अंगातल्या पांढऱ्या कोटासकट रस्त्यावर होती.

मास्तर बसच्या थांब्यावर होते.

"तो खेळ होता," ती धापा टाकत म्हणाली.

"मी खेळत नव्हतो."

"मग तेच वाक्य कशाला निवडलंत? त्यातली नायिका मध्यंतरापर्यंत त्याला दारात उभं करत नाही, माहीत नव्हतं?"

"मी फक्त माझंच पाठ केलं," मास्तर म्हणाले. "पुढचं डोक्यातच आलं नाही."

बस आली. मास्तरांनी दांडीला हात घातला.

"ऐका," ती म्हणाली. "हे कुठल्याही चित्रपटात नाही. माझ्याशी लग्न करता?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आत सगळी कोर्टं, सगळी रणांगणं धुंडाळून झाली... काही सापडेना.

"याच्या पुढचं... मला येत नाही."

"अडखळलात. हरलात."

"हरलो," मास्तर म्हणाले, आणि इतके हसले की दांडी सुटली. "करतो. कधी करू?"

बस त्यांना सोडून गेली. कोणीच हळहळलं नाही.

त्या संध्याकाळी दोघं पहिल्यांदाच एकत्र चित्रपटाला गेली. शेकडो चित्रपट तोंडपाठ असलेली माणसं, पण त्या एकाची गोष्ट काय होती, ते दोघांपैकी एकालाही आजवर सांगता आलेलं नाही.