ओढ्याकाठचं निजलेलं रान

नवीन क्वार्टर मिळालं, तेव्हा बायको हरखून गेली. दोन खोल्या, गुळगुळीत फरशी, मागे ओढा. "देव पावला हो," म्हणाली. पण ही जागा माझ्याच हातून सरकारकडे गेली होती.

मी जंगलखात्यात मोजणीदार. गेल्या वर्षी नवा कायदा आला: त्या साली पीक उभं असेल तेवढंच शेत, बाकी सगळं राखीव जंगल. तेव्हा रानातली एक म्हातारी कचेरीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"दादा, आमची बारा रानं. एक जाळायचं, राखेत काठीनं भोकं पाडून तीन-तीन दाणे पेरायचे, मग त्याला निजू द्यायचं नि पुढच्यावर जायचं. येत्या साली ओढ्याकाठच्याची पाळी. ते गेलं तर नातवंडांच्या तोंडात काय घालू?"

"निजतं होय रान?" साहेब म्हणाले. "घोरतं पण का?"

कचेरी खो खो हसली. मीही हसलो. ओढ्याकाठी मोजताना साखळीखाली जुना कोळसा लागला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी नकाशावर लिहिलं: झाडोरा, लागवड नाही.

रान तोडून तिथं खात्याची ही घरं उठली. म्हातारीची माणसं रस्त्यावर खडी फोडायला लागली.

पहिल्या आठवड्यात बायको सारखी स्वयंपाकघराकडे धावायची. "अहो, काहीतरी जळतंय." चूल गार असायची. मग फरशी पायांना कोमट लागू लागली. उन्हानं, मी म्हणालो. पण चार दिवस आभाळ भरलेलं होतं. मग राख आली. पिठासारखी मऊ. बायको झाडायची, पाठ वळते न वळते तोच पुन्हा.

"कुणाची हाय घेतलीत हो तुम्ही?" तिनं विचारलं.

जिवाला चैन पडेना. भर दुपारी रस्त्यावर गेलो. मी तोंड उघडण्याआधीच म्हातारीनं हातोडी खाली ठेवली.

"काय दादा, उगवलं का?"

"काय उगवलं?"

"पाळीचं रान. आम्हाला तर पाय ठेवायची बंदी. पेरा टळायला नको, म्हणून विचारलं."

"मावशी, तिथं आता घर आहे. माझं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, कळवळा होता.

"घरात कोण आहे?"

"बायको."

"मग तू इथं काय करतोस, लेकरा?"

धावत आलो.

घर शांत होतं. फरशीला भोकं पडली होती, वीत-वीत अंतरावर, सरळ ओळीत. एकात बोट घातलं. ओली राख. तिच्याखाली तीन दाणे.

ओळ खाटेपर्यंत गेली होती.

बायको खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. ओठांवर बोट ठेवून तिनं खाली खुणावलं.

खाटेखालून आवाज येत होता. ठक.

मग तीन दाणे टाकायला लागावा, तेवढा वेळ.

ठक.