फिरतं कपाट

मठात सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्या सिस्टर तिला धाकटीच म्हणत. त्या दुपारी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वर्षभराने आई भेटायला येणार होती! तिची चुळबुळ पाहून मोठ्या सिस्टरने तिला मागच्या भिंतीकडे दुधाची किटली आणायला पिटाळलं.

त्या भिंतीत एक गोल लाकडी कपाट होतं, स्वतःभोवती फिरणारं. बाहेरच्याने वस्तू ठेवून घंटी वाजवायची, आतलीने कपाट फिरवून ती घ्यायची. कोणाला कोणाचं तोंड दिसत नसे. रिकाम्या कपाटात मात्र हात घालायचा नाही, असा नियम होता. बोटं चेमटतील म्हणून असेल, असं धाकटीला वाटे.

घंटी वाजली. तिने कपाट फिरवलं. किटली नव्हतीच, ओल्या मातीचा वास तेवढा आला.

"कोण आहे?"

"मी गं... आई."

"अगं, मग पुढच्या दाराने ये ना!"

"पाय उचलत नाहीत, बाळा... हात दे."

आवाज आईचाच, दमली की चिरकणारा. धाकटीचा जीव कळवळला. नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिने हात आत घातला. मागची फळी लागायला हवी होती. लागला तो हात.

तो गारठलेला होता. त्याने तिचा तळहात धरला आणि अंगठ्याने सावकाश चोळला. तिथला लहानपणचा भाजल्याचा डाग आई अशीच चोळायची. पण हे चोळणं थांबेचना. धाकटीने हात मागे ओढून पाहिला.

"आई... सोड ना... सोड!"

हात सुटला तशी ती धूम पळाली.

पुढच्या दाराशी राखणीला बसणारी म्हातारी सिस्टर कडी लावत होती. धाकटीला पाहताच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू... तू तर आत्ताच आईबरोबर गेलीस. मठ सोडते म्हणालीस..."

धाकटीने खिडकी गाठली. रस्त्याने आई चालली होती. तिचा हात धरून पांढऱ्या झग्यातली एक मुलगी चालली होती.

"आई!" धाकटी जिवाच्या आकांताने ओरडली.

आई वळली. खिडकीतला चेहरा दिसताच ती दचकली, त्या मुलीला पोटाशी धरून झपाझप चालू लागली.

"सिस्टर, तुम्ही तरी सांगा तिला! मीच तिची मुलगी!"

म्हातारी भिंतीला चिकटली होती. "तिच्या हातावरचा डाग आईने पाहिला... मुका घेतला त्याचा. तुझा हात दाखव."

धाकटीने मूठ उघडली. डागच काय, तळहातावर एक रेघसुद्धा नव्हती.