शेजारच्या रेघा

शेजारी कुणीही बसलेलं नसताना तुमच्या फिश फाइंडरवर कधी शेजाऱ्याच्या रेघा उमटल्यात का?

नाही ना? मग जरा शेगडीजवळ सरका. उद्या तुम्ही ओढ्याच्या कोपऱ्यात बसणार म्हणताय, तेव्हा हे ऐकूनच जा.

रेघा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकून, बर्फाला भोक पाडून आपण यंत्राचा डोळा पाण्यात सोडतो. पडद्यावर तळाची जाड तांबडी रेघ दिसते, आणि वर वाकासागी माशांचे थवे, तीळ सांडल्यासारखे. शेजारच्या तंबूत दुसरं यंत्र चालू असलं की आपल्या पडद्यावर तिरक्या ठिपक्यांच्या रेघा पडतात. मग आपण ओरडून विचारतो, "किती मीटरवर?" तो खोली सांगतो, आपण तेवढी दोरी सोडतो. या तळ्यावर कुणी खोली विचारली तर खरीच सांगायची, ही रीत. लहान पोरंसुद्धा त्यात खोटं बोलत नाहीत.

माझा नवरा सेइगो ओढ्याच्या कोपऱ्यातच गेला. तीन वर्षांपूर्वी, मार्चअखेर, बर्फ आतून पोकळ झाला होता तेव्हा. दोन दिवसांनी तो सापडला. त्याचं यंत्र मात्र सापडलं नाही.

तेव्हापासून तो कोपरा बंद. आणि गिऱ्हाईक तर त्याच कोपऱ्यासाठी यायचं. या जानेवारीत मच्छीमार संघाच्या बैठकीत नोझावा आजोबा म्हणाले, "तोमोए, त्या जागेचं नाव काढू नकोस. तिथं बसणाऱ्याला धड वाटत नाही. कायमची बंद करू."

"बसलंय कोण तिथं तीन वर्षांत?" मी विचारलं.

मीच पुढं म्हणाले,

"मी बसते. चारचा भोंगा होईपर्यंत. बर्फ वीतभर जाड असला आणि मासे मिळाले, तर उघडायची."

"आणि त्याआधीच पळत आलीस तर?"

"तर तुमच्या हातानं तिथं 'बंद'ची फळी ठोका."

सेइगोनं वीस वर्षं राखलेली जागा होती ती. लोकांनी तिला भुताची जागा म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, हे मला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दिरानं, हिसाओनं, बर्फगाडीवरून मला तिथं सोडलं. गिरमिटानं भोक पाडून दिलं, पट्टीनं मोजलं. चांगला वीतभर बर्फ. भोकाभोवती पांढऱ्या किसाचा ढीग झाला.

"वहिनी, घाबरलात तर शिट्टी वाजवा. मी समोरच्या काठावरच आहे."

"ती शिट्टी तुझ्याकडेच ठेव. बायको रागावली की वाजव, मी येईन सोडवायला."

तो हसला, पण जाताना दोनदा मागं वळून पाहिलं त्यानं.

तंबूत छान ऊब होती. तळ तेरा मीटरवर, मासे सहावर. गळाला लाल अळ्या लावल्या आणि तासाभरात चाळीसेक मासे वर काढले. बाहेर बारीक हिम पडू लागलं होतं. इतकं शांत, की गळावरच्या माशाची फडफडही मोठी वाटावी.

तीनच्या सुमाराला पडद्यावर तिरके ठिपके उमटले.

खरं सांगते, मला बरंच वाटलं. वाटलं, कुणीतरी धीर करून शेजारी तंबू टाकला. तेवढ्यात शांत, समजूतदार आवाजात कुणीतरी विचारलं, "किती मीटरवर?"

"सहा!" मी म्हणाले. सवयच ती. पाठोपाठ तंबूचा पडदा बाजूला करून पाहिलं, म्हटलं कोण आहे त्याला चहा तरी विचारावा.

बाहेर कुणी नव्हतं. तंबू नव्हता. हिसाओच्या गाडीच्या चाकोरीवर हिम साचलं होतं आणि त्यावर कुणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आत आले. पडद्यावरचा थवा पांगून चारवर गेला होता. आणि सहावर एक जाड रेघ होती. माशाची रेघ येते आणि जाते. ही हलत नव्हती.

"आता... किती मीटरवर?"

"चार," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं हो. शब्द बाहेर पडले आणि मग कळलं, की आवाज बाहेरून आलेला नाही. भोकातल्या पाण्यावर बारीक तरंग उठले होते. उन्हाळ्यात तळं आटल्यावर येतो तसा गाळाचा वास तंबूत भरला.

ती जाड रेघ सहावरून उचलली, पाचवर आली, आणि चारवर येऊन थांबली.

बर्फाच्या खाली चार मीटर म्हणजे किती? आपण बसलोय त्या खोलीच्या लांबीएवढं. मी सांगेन तिथं ते येत होतं. वर यायची वाट मीच दाखवत होते.

शिट्टी हिसाओकडे राहिली होती. पळाले असते तर काठ गाठला असता. आणि संध्याकाळी नोझावा आजोबांनी फळी ठोकली असती.

"तोमोए..." आवाज बदलला होता. तो सेइगोचा आवाज होता, थोडा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. "तोमोए... किती मीटरवर?"

मला रडू फुटलं. तीन वर्षांनी कानावर पडला होता. मी भोकाशी वाकलेसुद्धा. नाकाला पाणी लागेल इतकी वाकले.

आणि मग आठवलं. सेइगोनं मला खोली कधी विचारलीच नाही. तो सांगायचा. "तोमोए, सात. सोड दोरी." वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही त्या माणसानं. त्यावरून आमची भांडणं व्हायची!

मी ताठ बसले. डोळे पुसले.

"तू जो कोण असशील तो अस," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याचं यंत्र घेतलंस, ते घे. त्याचा आवाज घेऊ नकोस."

पाणी स्तब्ध झालं.

"किती... मीटरवर...?"

"तेरा!" मी ओरडले. "सगळे मासे तेरावर आहेत. तळाशी जा, आणि तिथंच बसून राहा!"

जन्मात पहिल्यांदा मी खोली खोटी सांगितली.

बराच वेळ काही झालं नाही. मग रेघ हलली. सहा. नऊ. अकरा. शेवटी तळाच्या तांबड्या रेघेत मिसळून गेली. तिरके ठिपके मात्र तसेच राहिले.

मी थर्मासमधला चहा ओतला. अर्धा सांडला, अर्धा प्याले. गळाला नवी अळी लावली आणि दोरी चार मीटरवर सोडली. चारचा भोंगा झाला तेव्हा आणखी तेवीस मासे टोपलीत होते. हिसाओ आला तेव्हा मी तंबूच्या दारात उभी होते, उभी. संध्याकाळी ते मासे मी नोझावा आजोबांच्या पुढ्यात तळले आणि त्यांनी मुकाट्यानं खाल्ले.

म्हणून सांगते, उद्या खुशाल बसा तिथं. जागा आपली आहे. फक्त कुणी खोली विचारली, तर आधी तंबूचा पडदा उघडून बघा. तंबू दिसला तरच उत्तर द्या.

मी तिथं बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि हिसाओ जागा उघडल्याचे झेंडे रोवायला गेलो. रात्री हिम पडलं नव्हतं. हिसाओनं विचारलं, "वहिनी, काल तुम्ही दुसरं भोक पाडलंत?" मी खोटंच हो म्हणाले. माझ्या भोकापासून दोन हातांवर तसंच गोल भोक होतं, आणि वरून पाडलं की साचतो तो बर्फाचा कीस त्याच्याभोवती चिमूटभरही नव्हता.