पालकांनी दोरीमागे उभे राहावे

त्या शुक्रवारी सकाळी बाबा गॅलरीत पिवळ्या बंड्या वाळत घालत होते. जाळीच्या, बिनबाह्यांच्या, मोजून चौदा. सरावात दोन संघ वेगळे दिसावेत म्हणून मुलं अंगावरच्या कपड्यांवर चढवतात, तसल्या. वस्तीतल्या मुलांच्या फुटबॉल क्लबात प्रत्येक घराला एक काम वाटून दिलेलं असे. कुणी मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचं, कुणी संत्री सोलून आणायचं. बाबांनी धुलाई घेतली ती लेक खेळत होती तेव्हा. लेकीने खेळ सोडून वीस वर्षं झाली, धुलाई काही सुटली नव्हती.

“उद्या येतेस का?” चिमटा दातात धरूनच त्यांनी विचारलं. “टिटवी गोलात उभी राहणार आहे.”

टिटवी ही भावाची नऊ वर्षांची मुलगी. तोंडाला विसावा नाही म्हणून पडलेलं नाव.

“बघू,” ती म्हणाली आणि पर्स उचलून कामावर गेली.

चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. दुपारी एक माणूस आत आला. एका हातात लिफ्टदुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात चष्म्याची निखळलेली काडी.

“बॉल लागला,” तो म्हणाला.

“या वयात?”

“बॉल वय विचारत नाही.”

ती खाली मान घालून स्क्रू बसवू लागली. थोड्या वेळाने तिला जाणवलं, तो एकटक बघतोय.

“काही हवंय का?”

“छे. चष्म्याशिवाय मला काहीच दिसत नाही. म्हणून तर इतका वेळ बघायचा धीर झाला.”

तिला हसू आलं. तिने चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला… आणि काउंटरवर पुढे वाकला.

“तू—अकरा नंबर?”

तिने वर पाहिलं. पिंगट डोळे, हनुवटीवर जुनी खोक. “गोली?”

“वर्षानुवर्षं तुझी पाठ तेवढी पाहिली मी. तू पुढे, मी मागे गोलात. चेहरा आज नीट दिसला.”

तो आता त्याच क्लबात मुलांना शिकवत होता. मुलं त्याला शिट्टीदादा म्हणायची. जाताना तो दारात थांबला. “उद्या ये ना मैदानावर.”

“बघू,” ती म्हणाली. घरी जाताना मात्र तिने ठरवून टाकलं, जायचं. बाबांना आत्ता सांगायचं नाही, सकाळी एकदम तयार होऊन उभं राहायचं.

सकाळी बाबा उठलेच नाहीत. बंड्या गॅलरीत वाऱ्यावर हलत होत्या.

भाऊ बोटीवर असायचा, वहिनीची शनिवारी कामाची पाळी. टिटवीला मैदानावर नेणं आत्याच्या वाट्याला आलं. चौथ्या शनिवारी तिने बंड्यांची पिशवी नेली. तोवर अर्धी मुलं बाह्या दुमडून खेळत होती; शिट्टीदादाने बंड्यांचं नावही काढलं नव्हतं.

“तेरा आहेत,” तो म्हणाला.

“एक इस्त्रीला चिकटली.”

“जाळीच्या बंडीला… इस्त्री केलीस?”

“बाबांच्या हातच्या नीटनेटक्या असायच्या. मला वाटलं—”

हसू दाबायला त्याने शिट्टी तोंडात धरली. ती बारीक वाजली, आणि मैदानावरची सगळी मुलं होती तिथे थबकली. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली. पोट दुखेपर्यंत हसली, आणि मग तिला रडू आलं. त्याने मुलांकडे वळून खेळ पुन्हा सुरू करून दिला. आपल्याकडे बघणं टाळतोय, हे तिला कळलं आणि आवडलं.

नव्या पालकांना सामोरं जाणं हेही बाबांचंच काम होतं, तेही तिच्याकडे आलं. बाबांनी लिहिलेलं पत्रक ती वाटायची. पायाला वाढायला जागा हवी म्हणून मोठे बूट घेऊ नका, मूल आज पळणार आहे. पालकांनी दोरीमागे उभे राहावे. मुलाला एका वेळी दोघांचं ऐकता येत नाही. घरी जाताना खेळाचा विषय तुम्ही काढू नका.

“ते सगळं ठीक आहे हो,” एका वडिलांनी पत्रक उलटसुलट करून विचारलं, “पण जिंकायला कधी लागतील?”

“ते यात लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. पलीकडे शिट्टीदादा बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होता. त्याचे खांदे हलत होते.

मग तो दर गुरुवारी दुकानात येऊ लागला.

“हा स्क्रू असा आपोआप ढिला होत नाही,” तिसऱ्या गुरुवारी ती म्हणाली.

“होतो. बुधवारी संध्याकाळी.”

“कोण करतं?”

“घरात मी एकटाच असतो. संशय माझ्यावरच घ्यावा लागेल.”

ग्रीसचा बारीक वास, काउंटरवर टेकलेली त्याची बोटं, चष्मा देता-घेता होणारा ओझरता स्पर्श… गुरुवार सरला की ती पुढचा गुरुवार मोजू लागे. दुकानाच्या मालकीणबाईंच्या नजरेतून काय सुटतंय. “आज गुरुवार वाटतं,” त्या म्हणाल्या. “केस मोकळे सोडलेत.”

तिला लाजल्यासारखं झालं, मग अपराधी. बाबांना जाऊन तीन महिने नाहीत, आणि आपण सकाळपासून गुणगुणतोय. त्या दिवशी तो आला तेव्हा ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “तू इथे येत जाऊ नकोस.”

त्याने काउंटरवरची बोटं उचलली. “बरं,” म्हणाला.

आणि आलाच नाही. एक गुरुवार, दुसरा, तिसरा. समोरच्या गिऱ्हाइकाला “खालची ओळ वाचा” सांगताना तिचे डोळे दाराकडे असायचे. शनिवारी मैदानावर तो इतर पालकांशी बोलायचा तसाच तिच्याशी बोलायचा; हसून, दोन हात लांबून. एका बुधवारी संध्याकाळी तिने स्वतःच्याच चष्म्याचा स्क्रू ढिला केला, आणि मग स्वतःलाच हसली.

हे “बरं” तिच्या ओळखीचं होतं. बारा वर्षांची असताना एका सामन्यात बाबांनी तिला घरच्या लाडक्या नावाने हाक मारली होती आणि सगळं मैदान हसलं होतं. घरी येताना ती म्हणाली, “यापुढे बघायला येऊ नका.” बाबा म्हणाले, “बरं.” पुढच्या शनिवारी तिने चोरून दोरीकडे पाहिलं. ते नव्हते. त्यापुढच्या शनिवारीही पाहिलं. दोन वर्षं पाहत राहिली. “या” एवढं म्हणायला मात्र जीभ रेटली नाही, आणि पुढे खेळच सुटला.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी पालकांचा सामना असे. टिटवीने आत्याचं नाव न विचारताच देऊन ठेवलेलं. ती पिवळी बंडी घालून दोरीपाशी आली. शिट्टीदादाने शिट्टी आज दुसऱ्या कुणाला दिली होती. तिच्या हातात पत्रक होतं. नव्या हंगामासाठी छापायला द्यायचं होतं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “शेवटी बाबांनी लिहिलंय, मूल येऊ नका म्हणालं तर दोरीपाशी येऊ नका. नुसतं ‘येऊ नका’ का नाही लिहिलं?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “तुला खरंच माहीत नाही?”

“काय?”

“ते यायचे. दर शनिवारी. सामानाच्या शेडमागे उभे राहायचे, आमच्या गोलाच्या पाठीमागे. हाफटाइमला आपण बाजू बदलली की तेही लांबून फिरून पाण्याच्या टाकीमागे जायचे. तू पुढे पळायचीस, ते कायम तुझ्या पाठीशी. मला सांगून ठेवलं होतं, तिला बोलू नकोस.”

तिने शेडकडे पाहिलं. गंजलेला पत्रा, कडेला वाढलेलं गवत. माणूसभर जागा.

“तिकडून काय दिसत असेल रे?”

“तुझी पाठ,” तो म्हणाला. “आम्हा दोघांनाही तेवढीच.”

मैदानातून टिटवी ओरडत होती, “आत्या, ये ना लवकर!” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाला, “मी जातो. शेडमागे जागा आहे… तुला अवघडायला नको.”

तो दोन पावलं गेला असेल.

“थांब,” ती म्हणाली. “तिकडे नको. इथे, दोरीपाशी उभा राहा. मला दिसशील असा. तू आलेलं मला आवडतं. गुरुवारीही.”

तो परत आला. दोरीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, शाळेत पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलासारखा.

ती मैदानात उतरली. मध्यरेषेवर पोहोचून मागे वळली. दोरीपाशी तो होता. त्याच्या पलीकडे शेड, गवत, रिकामी जागा. कोण ऐकतंय याची आज तिला फिकीर नव्हती. शेडपर्यंत पोहोचेल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

“या ना, बाबा.”