बघ्यांचं कलम

सरकारी कचेरीतली लिफ्ट बंद होती. चार जिने चढून धापा टाकत आलेला दातांचा डॉक्टर चुकून तिच्याच टेबलापाशी थांबला. रॅगिंगचा कायदा कडक होणार होता. लोकांच्या सूचना तळमजल्यावर घेत होते, ती मात्र वर बसून मसुदा लिहायची.

"सूचना खाली द्या."

"परत खाली? जीव जाईल माझा… मग तुमची दाढ कोण बघणार? आल्यापासून बघतोय, गाल धरून बसलाय!"

तिला हसू आवरेना. कागद तिने ठेवून घेतला.

मग दर मंगळवारी स्वारी हजर! कधी एखादी दुरुस्ती, कधी नुसता स्वल्पविराम. मंगळवारी ती जरा जास्तच वेळ आरशासमोर रेंगाळते, हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बरोबर हेरलं.

एकदा ती सहज म्हणाली, "सातवं कलम साहेब काढताहेत. नुसतं बघत उभं राहणाऱ्यांनाही शिक्षा म्हणजे अतीच ना?"

त्याचा चेहरा पडला.

"काढू नका… आमच्या हॉस्टेलात नव्या मुलाला गच्चीच्या कठड्यावर चालायला लावलं होतं. पडला तो. अजून कुबडी घेऊन चालतो. मी दारात उभा होतो. हसलोसुद्धा."

"पण नवा कायदा जुन्या गुन्ह्याला लागत नाही."

"कायद्याला नाही, तुम्हाला सांगतोय. मी तुम्हाला आवडायला लागलोय असं वाटलं… मग कोण आवडतंय, ते कळायला नको?"

तिने मसुदा पुढे ओढला. तो गेला. तिला त्याचा संताप आला, आणि रडूही. दोन मंगळवार तो फिरकला नाही. तेवढ्यात सातव्या कलमासाठी साहेबांशी भांडून तिने समितीपुढे सुनावणी मिळवली, आणि साक्षीचा अर्ज घेऊन थेट त्याचा दवाखाना गाठला.

"नावानिशी बोलाल? पेशंट तुटतील."

"तुटू देत." त्याने सही केली. "त्या मुलालाही कळवतो. आधीच कळवायला हवं होतं."

तिने कागद घट्ट धरून ठेवला.

"राग आहे माझा तुमच्यावर. इतक्यात जायचाही नाही. पण…"

"पण?"

"आवडता तुम्ही मला. हे माहीत असून गप्प राहिले, तर मीही सातव्या कलमात सापडेन."