आतून दार नसलेलं घर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझी थोरली जाऊ सेनोबिया हिच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. थापा मारायला फुरसत लागते. तिचं कापडाचं दुकान भल्या पहाटे उघडतं.

गाव ला पाझ. वस्तीचं नाव सांगत नाही, कारण घर अजून तिथेच आहे.

जूनमधल्या सान हुआनच्या सणाचा आदला दिवस होता. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

सेनोबिया आणि माझे दीर फेर्मिन लग्न झाल्यापासून भाड्याच्या एका खोलीत राहत होते. घरमालकीण आंघोळीच्या पाण्यावरूनही कटकट करायची. ते ऐकून ऐकून सेनोबियाने मनाशी पक्कं केलं होतं. आपणही घर घ्यायचं, पण राहायला नाही. खोल्या भाड्याने द्यायच्या, आणि त्या भाड्यातून पुढचं घर घ्यायचं.

"आधी स्वतःच्या डोक्यावर छप्पर घे की गं," फेर्मिन म्हणायचे.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? आपण राहिलो की घर खातं, दुसरे राहिले की कमावतं."

जानेवारीत ती आलासितासच्या जत्रेला गेली. तिथे आपल्याला हवं त्याचं चिमुकलं रूप विकत घ्यायचं आणि दुपारी ऐन बाराला त्याला धूप दाखवायचा. मग वर्षभरात खरी वस्तू घरी येते, असं आम्ही मानतो.

तिला हवं होतं अंगण आणि खोल्या असलेलं घर. पण पोचायला उशीर झाला. बारा वाजत आले होते आणि टेबलांवर उरल्या होत्या नुसत्या उंच इमारती.

तेवढ्यात एका म्हाताऱ्याच्या टेबलाखाली तिला ते दिसलं. प्लास्टरचं, हिरव्या दाराचं, अगदी मनातलं.

"ते नको, बाई," म्हातारा म्हणाला. "ते एकीने गेल्या वर्षी सांगून करून घेतलंय. धूपही दाखवून झालाय. न्यायला मात्र आलीच नाही."

"ती नाही आली ना? मी आलेय."

"दुसरीच्या नावाने धूप झालेलं घर घेऊ नये. ऐका माझं."

चर्चची घंटा वाजायला लागली. सेनोबियाने त्याच्या हातात नोट कोंबली आणि धावत जाऊन ते घर धुरात धरलं.

मार्चमध्ये खरं घर मिळालं. कागदपत्रं स्वच्छ, पत्रे धड, पाण्याचं मीटर वेगळं, आणि किंमत इतकी कमी की फेर्मिनना शंकाच आली. साठवलेलं सगळं त्यात गेलं, वर बँकेचं कर्ज.

दार हिरवं होतं.

"बघा, धूप लागू पडला!" ती म्हणाली.

पण भाडेकरू काही मिळेना. येणारा प्रत्येक जण मागच्या खोलीपर्यंत जायचा, आणि थबकायचा...

"इथे कुणी राहतं का?"

"छे, रिकामीच आहे."

"मग आत्ता बोललं कोण?"

जूनपर्यंत सेनोबिया मेटाकुटीला आली. सान हुआनच्या आदल्या दिवशी एक शाळामास्तर आणि त्याची बायको खोली बघायला येणार होते. ती आधीच जाऊन मागच्या खोलीला चुना मारत बसली.

बाराची घंटा वाजली.

ब्रश ठेवून ती वळली...

दार नव्हतं.

खिडकीही नव्हती. चारी बाजूंनी नुसती पांढरी, गुळगुळीत भिंत. चाचपून चाचपून तिची बोटं सोलली. आणि मग तिला आठवलं. त्या प्लास्टरच्या घराला दार होतं, पण ते बाहेरून. आतून कुणी कशाला दार करील?

बाहेर पावलं वाजली.

"अहो, कुणी आहे का?" मास्तराचा आवाज.

ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"कुणी नाही वाटतं," त्याची बायको म्हणाली. "आणि हे दार बघितलंत का? हे खरं नाही हो... नुसता रंग दिलाय."

पावलं लांब गेली.

मग तिच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी विचारलं...

"झालं का तयार माझं घर?"

सेनोबियाने मागे पाहिलं नाही. तिच्या घागऱ्याचा काठ कुणीतरी मुठीत धरला होता. ओढत नव्हतं. नुसतं धरून ठेवलं होतं, गर्दीत हात सुटू नये म्हणून धरतात तसं.

एकाएकी भिंतीचा एक कोपरा ढासळला. उजेड आला. ती त्या भोकात घुसली, मागे लाथ मारून काठ सोडवला आणि गल्लीत येऊन पडली.

वळून पाहिलं तर भिंत धडधाकट होती. हिरवं दारही जागच्या जागी.

ती घरी पोचली तेव्हा मी तिथेच होते. फेर्मिनच्या बोटांना ओलं प्लास्टर लागलेलं होतं.

"रागावू नकोस हं," ते म्हणाले. "झाडताना तुझ्या त्या लाडक्या घराला केरसुणी लागली. मागचा कोपरा फुटला. पण बघ, लगेच बुजवून टाकला."

सेनोबियाने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"बुजवला? अहो, ती माझ्या मागेच होती!"

तिने काट्याच्या चमच्याने ते ओलं प्लास्टर उकरून काढलं. रडत होती आणि उकरत होती. असं रडताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

घर आजही तिच्याच नावावर आहे. विकवत नाही, कारण दुसऱ्या कुणाला आत कसं ढकलायचं? भाड्याने देववत नाही. कर्जाचे हप्ते मात्र चालूच आहेत. आणि ती अजून त्याच भाड्याच्या खोलीत, त्याच घरमालकिणीची बोलणी खाते.

ते छोटं घर फडताळावर असतं. रोज बाराच्या सुमारास त्याच्याखाली पांढरा भुगा पडतो...

भोक मोठं होत चाललंय. आतून.

सेनोबिया म्हणते, एकदा ती आतली बाहेर पडली की घर मोकळं होईल, मग सगळ्या खोल्या भाड्याने देईन. मी मान डोलावते. पण बाहेर पडल्यावर ती कुठे जाणार, हे मी सेनोबियाला अजून विचारलेलं नाही. तिचं घर तर आम्हीच घेतलंय.

हल्ली मी त्यांच्याकडे दुपारी जात नाही.