बारावा फेरा

बाळकृष्णरावांनी लिहिलेला तो प्रोग्रॅम मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला हसूच आलं. अकरा घरांसाठी तेच ते अकरा वेळा लिहिलेलं. स्कॅनरच्या कॉम्प्युटरवरून फायली उचल, त्या घराच्या फोल्डरमध्ये ठेव, मोजून नोंद कर. सतरा ओळींचा एक तुकडा, आणि पुढच्या तुकड्यात फक्त घराचं नाव बदललेलं. माणूस वीजमंडळातून निवृत्त झालेला, साठीनंतर पुस्तकं वाचून हे शिकलेला. त्यांचं कौतुक होतं, पण म्हणून अज्ञानाची पूजा करायची माझी तयारी नव्हती.

आमच्या ट्रस्टचं काम साधं आहे. तंजावूरच्या मराठी घरांमधल्या पेट्यांत मोडी कागद पडून आहेत आणि घरात ते वाचणारं कोणी उरलेलं नाही. ते आणायचे, स्कॅन करायचे, परत द्यायचे. त्या महिन्यात आणखी तीस घरांनी कागद द्यायचं कबूल केलं होतं. तीस घरं म्हणजे आणखी पाचशे दहा ओळी, आणि एका ठिकाणी चूक सापडली की एकेचाळीस ठिकाणी दुरुस्ती. मी घरांची एक यादी केली आणि त्या यादीवर फिरणारा एकच फेरा, म्हणजे लूप, लिहिला: दर घराला एक फेरा. दोनशेवर ओळी होत्या, एकवीस उरल्या.

त्यात एक बारावा तुकडा होता, तो मी काढून टाकला. त्याच्या फोल्डरचं नाव ‘अपुत्र’. त्यात कधीच एकही फाईल आलेली नव्हती.

नावावरून मला अर्थ कळला होता, आणि म्हणूनच तो काढताना माझा हात जरा जोरात पडला. तर्पणात आमच्याकडे एकेका पितराचं नाव घेऊन पाणी देतात. सगळं झाल्यावर, कुळात जे निपुत्रिक गेले त्यांच्यासाठी ओल्या धोतराचा सोगा पिळतात. पिळून निघेल ते पाणी त्यांचं. नाव नाही, गाव नाही. त्याच सकाळी, महालय अमावास्येला, माझे वडील, अप्पा, तिरुवय्यारूला कावेरीवर जाऊन आले होते आणि पुन्हा तेच घेऊन बसले होते. आपल्यामागं कोण? मी एकुलती एक, चौतिसाव्या वर्षी बिनलग्नाची. मी देईन पाणी, म्हटलं. गुरुजी म्हणाले म्हणे, मुलीच्या हातचं पोचत नाही. मी म्हटलं, गुरुजींना कुणी पोचपावती आणून दिली? अप्पा पंचा खांद्यावर टाकून आत गेले.

दहा वाजता मी नवा प्रोग्रॅम चालवला. अकरा घरांच्या फायली अर्ध्या मिनिटात जागेवर गेल्या. खाली नोंद आली: फेरे बारा.

यादी मोजली. अकरा. पुन्हा चालवला. बारा.

अशी चूक नेहमीची असते, मोजणी कुठून सुरू केली यात घोटाळा होतो. मी ओळ न् ओळ तपासली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. एक घर काढून दहा ठेवली तर फेरे अकरा. एकच घर ठेवलं तर दोन. शेवटी यादी पूर्ण रिकामी केली. रिकाम्या यादीवर फेरा सुरूच व्हायला नको.

फेरे: एक. फायली: एक.

ती फाईल अकराही घरांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली होती, त्यांतलं एक घर आमचं. उघडली. एक तपकिरी पान, काठ वाळवीनं खाल्लेला. वर मायना नाही, शिक्का नाही. मोडीत एकाखाली एक नावं; मोडी मी ट्रस्टमध्ये येऊन शिकले होते. हे पान आम्ही स्कॅन केलेलं नव्हतं. आमच्या प्रत्येक स्कॅनवर कोपऱ्यात क्रमांक असतो, ह्यावर नव्हता. चौथं नाव कामाक्षी. अप्पांची आत्या, मूलबाळ न होता गेली, वंशावळीत तिला कुणी घेतलं नाही. पुढची काही नावंही ओळखीची निघाली. सगळे गेलेले, सगळे अपुत्र.

शेवटचं नाव राजगोपाल. माझ्या वडलांचं.

मी घरी फोन लावला. अप्पांनी दुसऱ्या रिंगला उचलला, जेवायला कधी येतेस म्हणून विचारलं, डांगरपच्चडी केलीय म्हणाले. मी येते म्हटलं.

बाळकृष्णरावांना बोलावून घेतलं. ते आले, कपाळावर अजून सकाळचं गंध. मी पान दाखवलं. ते पानाकडे बघेनात, माझ्या एकवीस ओळींकडेच बघत राहिले.

“शेवटचं काढून टाकिलंस?”

“रिकामं होतं, काका.”

“रिकामंच असायचं तें. त्यांस त्यांची जागा होती, म्हणून दुसऱ्यांकडे जात नव्हते.” त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. “एकेकाचं वेगळं द्यायचं, विनुता. सगळ्यांस मिळून एकदां देतां येत नाही. होतं तसं घाल परत.”

“घातलं तर हे पान कुठे जाईल?”

“अपुत्रांत.”

“अप्पांच्या नावासकट?”

त्यांनी खुर्ची परत टेबलाखाली सरकवली.

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता. पिळलेल्या धोतराच्या पाण्यावर ठेवलेल्या त्या सगळ्यांसाठी राग, आणि मी जिवंत असताना माझ्या बापाला त्यांच्यात बसवणाऱ्या त्या पानाचा राग. माझ्या बापाला कोणी नाही असं मी माझ्या हातानं लिहिणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते जिना उतरून गेले.

मी यादीत अकरा घरं परत भरली. बारावी ओळ टाकली. ‘अपुत्र’ नाही. ज्यांना घर नाही त्यांचं घर म्हणून मी माझं नाव लिहिलं, विनुता. या माझ्याकडे. बघू मुलीच्या हातचं कसं पोचत नाही ते.

चालवला.

फेरे बारा. यादी बारा.

हिशेब पहिल्यांदाच जुळला. अकरा घरांतून ते पान गेलं होतं. ते आता एकाच फोल्डरमध्ये होतं, माझ्या.

उघडलं. राजगोपाल हे नाव नव्हतं. त्या जागी माझं होतं.

मी म्हटलं, असू दे. माझ्यामागं कोणी नाही हे मी कधी लपवलेलं नाही. बाप सुटला ना, झालं. कॉम्प्युटर बंद केला आणि स्कूटर काढली.

आमच्या रस्त्यावर, मेल वीदीवर, दुपारचं ऊन होतं. अमावास्येमुळे अर्धी दुकानं बंद. घराचं दार नेहमीसारखं लोटलेलं नव्हतं, आतून कडी होती. मी वाजवलं.

अप्पांनी उघडलं. चेहरा मोकळा दिसत होता, कित्येक वर्षांत नव्हता इतका.

“यार वेणुम्, अम्मा?” त्यांनी विचारलं.

कोण हवंय. तमिळमध्ये. तमिळ आम्ही बाहेरच्यांशी बोलतो. ह्या उंबऱ्यावर अप्पा माझ्याशी तमिळ कधीच बोलले नव्हते.

“अप्पा, मी विनुता.”

“आमची भाषा बोलतां की तुम्ही,” ते खूश होऊन म्हणाले. “कोणच्या घरच्या?”

“ह्याच,” मी म्हटलं, आणि पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

त्यांच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. दोन पानं मांडलेली. एक अप्पांचं, वाढून ठेवलेलं. दुसऱ्यावर एक पाठमोरा माणूस जेवत होता. उघड्या पाठीवरून पाणी निथळत होतं.

“अप्पा,” तो हात न थांबवता म्हणाला, “दार लावून घ्या.” तोवर त्या घरात त्यांना अप्पा म्हणणारी मी एकटीच होते.

अप्पांनी दाराला हात घातला. मी पाय काढला नाही.